बर्फावरचा केर

फार्मवर इतकी वर्षं काय करत होतीस, असं कुणी विचारलं की मी सांगते, पाणी कुठं गेलं ते बघत होते. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी थट्टा करायलीय. पण काम खरंच तेवढंच होतं.

परभणीच्या बाहेर संशोधनाचं एक फार्म आहे. तिथं तारेच्या कुंपणात हवामानाची यंत्रं मांडलेली आहेत. मी मुळात खुरपणीला लागलेली बाई. यंत्रं बघणारा माणूस बदलून गेला तेव्हा साहेबांनी आम्हा बायकांना विचारलं, आकडे कुणाला वाचता येतात. मी झरीच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली. हात वर केला. शाळेचा मला आयुष्यात झालेला फायदा तेवढाच. पण खुरपं सुटलं आणि हातात पेन्सिल आली, म्हणजे कमी नाही.

कुंपणात पत्र्याची एक पसरट, उघडी टाकी असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी, वर नुसती तारेची जाळी. रोज सकाळी सातला बघायचं, पाणी खुणेच्या किती खाली गेलं. मग मापाच्या नळीनं ओतून परत खुणेला आणायचं. जेवढं ओतावं लागलं तेवढं काल हवेत उडालं. तो आकडा वहीत. पाऊस पडला तर पावसाचा आकडा, वाऱ्याचा आकडा, पांढऱ्या पेटीतल्या थर्मामीटरचा आकडा. दुपारी दोनला पुन्हा फेरी. थोरल्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकून मी दोनचे आकडे घ्यायला गेले आणि पंगतीला परत आले. जावयाच्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

ती पांढरी पेटी चार पायांवर उभी असते, चारी बाजूंनी लाकडी पट्ट्यांची, आतून वारा खेळावा अशी. कमल नावाची बाई नवीन कामाला लागली तेव्हा तिनं पहिल्या मंगळवारी पेटीला हळदकुंकू वाहून आत दोन उदबत्त्या लावल्या. तिला वाटलं देव्हारा आहे. मी दोनला गेले तर पारा चढलेला. मी आकडा लिहिला आणि पुढं शेऱ्यात ‘उदबत्ती’ असं लिहिलं. साहेब ती वही पाहुण्यांना दाखवायचे. कमल मात्र पुढं कितीतरी दिवस मला ऐकवायची, “गयाक्का, तुमच्या द्येवाला ताप आला, त्यो बी माज्यावरच घातला.”

एका हिवाळ्यात टाकीतलं पाणी भर थंडीत उन्हाळ्यासारखं उतरायला लागलं. तीन साहेब खुर्च्या टाकून बसले. एक म्हणाला कोरडा वारा, दुसरा म्हणाला पत्र्याला बारीक भोक असेल, तिसरा म्हणाला वाचणाऱ्या बाईचा चष्मा तपासा. मी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी जाऊन ज्वारीत दबा धरून बसले. साडेसहाला वानरांची टोळी आली. त्यांनी टाकीवरची जाळी उचलली, पाणी पिऊन पुन्हा नीट झाकली. मला त्या वानरांचं कौतुक वाटलं, कारण आमच्या चौकीदाराला ती कधी नीट झाकता आली नव्हती. हे मी साहेबांना सांगितलं आणि त्या दिवसापासून माझ्या आकड्याला फार्मवर किंमत आली. मलाही माझी किंमत कळली. ती गरजेपेक्षा जास्त कळली, हे पुढं येईल.

पाथरीकडचा एक म्हातारा दरवर्षी मृगाच्या आधी यायचा आणि पाऊस कधी येणार ते विचारायचा. मी सांगायची, बाबा, आम्ही पडलेला पाऊस मोजतो, पडणारा न्हाई. एकदा तो चिडला.

“पडलेला तर मला बी दिसतो की. मंग तुमचा उपेग काय?”

मी त्याचा प्रश्न साहेबांकडं नेला. त्यांच्याकडं मोठं उत्तर होतं, नीट उत्तर नव्हतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी अश्विनी फार्मवर आली. ती जिंतूरकडची. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, त्यामुळं पोरीचं निम्मं लहानपण फडावरच्या कोप्यांमध्ये, पाचटाच्या झोपड्यांत गेलेलं. ती डॉक्टरकी करत होती, सुई टोचायची नव्हे, पुस्तकाची. मला मावशी म्हणायची. साहेबांशी शुद्ध बोलायची, माझ्याशी घरच्यासारखं.

तिचा विषय ऐकून मी आधी हसले. डोंगरावर हिवाळ्यात बर्फ पडतं आणि उन्हाळ्यात तेच नदीला येतं. मोकळ्या उतारावरचं बर्फ आधी जातं की झाडाखालचं, आणि किती आधी, हे कॉम्प्युटरवर गणित मांडून सांगायचं. त्या गणिताला ती मॉडेल म्हणायची. मी विचारलं, ह्ये परभणीत कामून. ती म्हणाली, डोंगराकडची एक संस्था तिला पुढच्या हिवाळ्यात घ्यायला तयार आहे, पण गणित आधी इथं खरं करून दाखव म्हणतात. एप्रिलच्या आत कागद पाठवले तरच जागा. शिवाय घरून बापानं तो एकच हिवाळा कबूल केला होता. त्यानंतर पुस्तक बंद.

“आन् बर्फ?” मी म्हणाले.

“फ्याक्टरीतून आणू. गणिताला काय कळतंय बर्फ कुठलंय.”

मला वाटायचं झाडाखाली सावली, म्हणून तिथलं बर्फ जास्त टिकणार, संपला विषय. अश्विनीनं समजावलं की इतकं सोपं नाही. झाड सावली देतं हे खरं, पण खोड आणि फांद्या दिवसभर तापतात आणि चुलीजवळ बसल्यासारखी ऊब फेकतात. झाड वारा अडवतं, म्हणजे बर्फाला कोरडी हवा कमी लागते. बर्फ नुसतं वितळून जात नाही, दोरीवरच्या ओल्या लुगड्यासारखं थेट हवेतही उडतं. आणि चौथी गोष्ट म्हणजे पाला. पांढरं बर्फ ऊन परत फेकतं. त्याच्यावर काळपट पाचोळा पडला की तो ऊन पितो आणि खालचं बर्फ खातो. या चौघांतलं कोण किती ओढतं, हे तिला काढायचं होतं. मला ते पटलं. चार जावा एका घरात असल्या की कोण किती काम करते हे काढणं असंच अवघड असतं.

फेब्रुवारी लागला होता. रोज सकाळी ऑटोत घालून बर्फाच्या लाद्या यायच्या, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. त्या किसायला बर्फगोळ्याची गाडी लावणारा हमीदभाई आपलं मशीन घेऊन यायचा. थंडीत त्याचा धंदा बसलेलाच असायचा. वितळलेलं पाणी गळून जावं म्हणून भोकं पाडलेल्या तीन सारख्या परातींत आम्ही किसलेलं बर्फ दाबून भरायचो. पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं बाटली उचलली.

“अम्मा, रंग नको डालूं? फीकाच खातेत क्या तुमारे साबलोगां?”

मी म्हणाले, ह्ये खायचं न्हाई, तोलायचं हाय.

“बरफ तोलके क्या रहेगा अम्मा,” तो म्हणाला, “हातां गीले रहेंगे.”

एक परात मोकळ्या रानात, तिथं कमल. दुसरी उभ्या ज्वारीत, तिथं अश्विनी स्वतः, कारण तिथं तिची वाऱ्याची यंत्रं होती. तिसरी फार्मच्या टोकाच्या जुन्या कडुलिंबाखाली, तिथं मी. तिघींकडं एकेक वजनकाटा, एकेक घड्याळ, एकेक वही. दर अर्ध्या तासाला तिघींनी एकाच वेळी तोलायचं, बर्फ संपेपर्यंत. त्यामुळं कोण काय करतंय हे दुसरीला दिसायची सोय नव्हती. अश्विनीनं आम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. परात हाय तशी उचलायची, हाय तशी तोलायची, हाय तशी ठिवायची.

माझ्याकडं लिंबाची जागा का दिली, तर ती सगळ्यात अवघड आणि माझी वही सगळ्यात बिनचूक. हे मी म्हणत नाही, ती म्हणाली. मी ते कमलला दोनदा सांगितलं.

लिंब फेब्रुवारीत पान टाकतो. पहिले चार-पाच दिवस काही नाही, मग एकदम पिवळ्या पानांची रिपरिप सुरू झाली. काड्या, काटक्या, साळुंक्यांची घाण. पांढऱ्याशुभ्र बर्फावर हा सगळा पसारा. आता जिनं जन्मभर खळ्यावर धान्य उपणलं आहे, सुपानं पाखडून, खडे निवडून मगच मापाला लावलं आहे, तिला कचऱ्यासकट तोलता येतं का? आमच्याकडं केरासकट माप घालणाऱ्याला चोर म्हणतात. मी दर वेळी तोलायच्या आधी पान न् पान वेचून काढायची. बारीक राहिलं तर फुंकर मारायची. दोन तोलण्यांच्या मधे नुसतं बसवेना, म्हणून घरून खराटा आणला आणि झाडाखालची जमीनही लख्ख ठेवायला लागले. इतकी निगा मी घरच्या तुळशीची घेतलेली नाही.

महिनाभर हे चाललं. लिंब उघडा पडला, बर्फ आणणं थांबलं, तिन्ही वह्या अश्विनीकडं गेल्या.

मग तिचं तोंड उतरायला लागलं. मोकळ्या रानाचे आकडे गणिताशी जुळत होते. ज्वारीचे जुळत होते. लिंबाचे जुळेनात. गणित म्हणायचं, लिंबाखालचं बर्फ इतक्या वाजता संपायला पाहिजे, आणि माझ्या वहीत ते अर्धा-अर्धा तास जास्त टिकलेलं. साहेब म्हणाले, एक तर तुमचं गणित चुकलं किंवा बाईचं वजन. अश्विनी म्हणाली, सर, मावशींचं वजन चुकत नाही. हे तिनं मला येऊन सांगितलं आणि मी मान डोलावली. वजन चुकलेलं नव्हतंच. त्या परातीत जेवढं बर्फ होतं तेवढंच मी लिहिलं होतं.

दोन-तीन आठवडे ती कॉम्प्युटरसमोर बसून होती. जेवणाचा डबा तसाच परत न्यायची. एका गुरुवारी ती पळत कुंपणापाशी आली. मी दोनचे आकडे घेत होते.

“मावशी, जुळलं. पाल्याचा भाग काढून टाकला की समदं जुळायलंय. पाल्याचा कायच फरक पडत न्हाई, आसं निघालं. आजपस्तोर समदे लोक उगंच धरायलेत त्याला.”

डोंगरावाल्यांना ती हेच कळवणार होती. सोमवारी कागद जाणार होते.

माझ्या हातातली मापाची नळी हातातच राहिली. काय झालं ते मला तिथंच कळलं. चौथी शिकलेलीलाही एवढं कळतं. पाल्याचा फरक पडला नाही, कारण पाला नव्हता. पाला मी काढत होते.

आता खरं लिहायचं तर मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी म्हणाले, बरं झालं पोरी. आणि घरी गेले. शुक्रवारी बोलले नाही. शनिवारी बोलले नाही. मला कुणाची भीती नव्हती, नोकरी संपायला दीड महिना उरला होता, मला कोण काय करणार होतं? मिजास होती. निरोप समारंभ ठरला होता. साहेबांनी माझ्यावर भाषण लिहून ठेवलं होतं, त्यातलं ‘एकही नोंद चुकली नाही’ हे वाक्य त्यांनी मला आधीच वाचून दाखवलं होतं, आणि मी ते घरी, शेजारी, झरीच्या स्टँडवर, जमेल तिथं सांगून मोकळी झाले होते. रविवारी घर झाडताना खराटा हातात घेतला आणि त्याची लाज वाटली. खराट्याची लाज वाटलेली बाई माझ्या बघण्यात दुसरी नाही.

सोमवारी सकाळी सातचे आकडे घेऊन मी तिच्या खोलीवर गेले. ती पाकीट चिकटवत होती.

“अश्विनी, लिंबाखालच्या पाल्याचं काय म्हणलीस?”

“काय फरक पडत न्हाई.”

“पडंल कसा? पाला तिथं न्हवताच. मी काढत व्हते.”

तिनं डिंकाची बाटली खाली ठेवली. “कवा?”

“दर बारीला. तोलायच्या आधी.”

“रोज?”

“रोज.”

“येक बी दिवस सोडला न्हाई?”

“मी कवा खाडा केलाय?”

तिनं पाकिटाची चिकटवलेली बाजू परत उकलली. मग म्हणाली, हाय तशी तोला म्हणलं होतं की मावशी. मी म्हणाले, मला ‘हाय तशी’ म्हणजे साफच वाटली. तिनं विचारलं, गुरुवारीच का नाही सांगितलं. मी भाषणाचं सांगितलं. ती हसलीही नाही आणि चिडलीही नाही. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी तोडगा काढला. मला प्रत्येक दिवस आठवतोय म्हणाले. कोणत्या दिवशी अर्ध्या तासाला मूठभर, कोणत्या दिवशी दोन मुठी. माझी मूठ तोल आणि टाक गणितात. माझ्या मते सोन्यासारखा तोडगा होता. ती म्हणाली, “मावशी, तुमची मूठ खरी आसंल. पर तुमी ती लिवली न्हाई आन् म्या ती बघितली न्हाई. न लिवलेलं मला धरता येत न्हाई.” हेच मी कमलला वर्षानुवर्षं शिकवत आले होते, आणि उलट ऐकायला फार कडू लागलं.

आम्ही दोघी साहेबांकडं गेलो. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांना पोरीचं भलंच व्हावं वाटत होतं. ते म्हणाले, वजनं खरी आहेत, वहीत सह्या आहेत, कोण बघायला येणार आहे, पाठवून द्या. अश्विनी उभीच होती.

“सर, तिकडं डोंगरात झाडाखाली कुणी केर काढायला बसत नाही.”

साहेबांनी वही मिटली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ती फार्मची जमीन, तिच्यात काय काय पेरलेलं, जागा कुठली.

पाकीट गेलं नाही. त्याच्याऐवजी एक पत्र गेलं, आणि त्या हिवाळ्याची जागा दुसऱ्याला मिळाली. लिंबाला तोवर तांबडी पालवी फुटली होती. पान परत गळायला एक वर्ष. आणि बापानं वर्ष कबूल केलेलं नव्हतं.

म्हणून मी जिंतूरकडं गेले. अश्विनी नको म्हणत होती. मी म्हणाले, केर मी काढला, निस्तरायला मीच येते. झरीहून आम्ही दोघी एसटीनं जिंतूर, तिथून जीपनं त्यांचं गाव. तिचे वडील नुकतेच कारखान्यावरून परतलेले, सामान अजून ओट्यावर बांधलेलंच. वाळलेला, ताठ माणूस. मी पाणी पिऊन सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. परात, पाला, खराटा, सगळं. पोरीची चूक नाही, माझी आहे, तिला आणखी एक साल द्या.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “तुमची काय चूक झाली ह्येच मला कळंना. कारखान्यावर उसाच्या मोळीत पाचट दिसलं की काट्यावर बोंब होती. पाचट काढूनच तोलावं लागतंय. तुमी बरोबर केलंत की बाई.”

मला इतकं बरं वाटलं. महिनाभरात मला कुणी बरोबर म्हटलं नव्हतं. मी क्षणभर विसरले की मी कशाला आले. अश्विनी म्हणाली, “बाबा, ऊस तोलायचा न्हवता. पाचट पडल्यावर उसाचं काय व्हतंय त्ये बघायचं व्हतं.”

“काय व्हतंय?”

“त्येच तर आता कुणाला ठाव न्हाई.”

ते माझ्याकडं बघायला लागले. मी मान खाली घातली. बाई असून मी एवढी खाली मान सासऱ्यासमोरही घातली नव्हती. तिची आई आतून म्हणाली, की एक साल म्हंजे पोरगी आणखी एक सालानं मोठी होणार, गावाला तोंड कुणी द्यायचं. बाप उठून ओट्यावर गेले. त्यांनी बांधलेलं गाठोडं सोडलं, कोयता काढून आढ्याला अडकवला, परत येऊन बसले.

“म्हंजे आता कचऱ्यासकट तोलायला आणखी येक साल.”

“व्हय,” मी म्हणाले.

“आन् तवा कोन बसनार?”

“मीच. तवा मी नोकरीत नसंल. तरी येते.”

“हात बांधून बसा,” ते म्हणाले. त्यांनी वर्ष दिलं ते असं. हो वगैरे म्हणाले नाहीत.

मधे माझा निरोप समारंभ झाला. साहेबांना सगळं माहीत होतं, पण भाषण टाइप होऊन आलं होतं. ‘एकही नोंद चुकली नाही’ हे त्यांनी माझ्याकडं न बघता वाचलं. अश्विनी पहिल्या रांगेत पंख्याकडं बघत होती. मी उठून सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, शाल घेतली. ती शाल मी अजून घडी मोडून वापरलेली नाही, थंडी वाजली तरी.

पुढच्या फेब्रुवारीत मी महिनाभर झरीहून रोज पहिल्या एसटीनं फार्मवर गेले. माझ्या जागी आता कमल होती, आणि ती मला पाहुणी म्हणून चहा द्यायची, त्यात मुद्दाम साखर कमी घालायची. या वेळी अश्विनीनं लिंबाखाली तीन पराती ठेवल्या. एक पाल्यासकट बर्फाची. एक साफ बर्फाची, ती तोलायच्या आधी वेचायची. आणि एक रिकामी, तिच्यात किती पाला पडतो ते बघायला. हे तिला पहिल्याच वर्षी सुचायला पाहिजे होतं, असं ती म्हणाली. तिनं पहिल्या वर्षी आणखी एक गोष्ट करायला पाहिजे होती, मला दुसरीकडं बसवायला पाहिजे होतं, पण हे तिनं म्हटलं नाही.

साफ परात माझ्याकडं. पाल्याची कमलकडं. म्हणजे शेजारी हातभर अंतरावर बर्फावर पान पडतंय, काडी पडतेय, साळुंकी कार्यक्रम करून गेलीय, आणि मी बघत बसलेय. पहिल्या दिवशी माझा हात आपोआप तिकडं गेला. कमलनं त्याच्यावर चापट मारली.

“गयाक्का, माज्या केराला हात लावू नगा.”

इतक्या वर्षांच्या उदबत्तीचा सूड तिनं त्या महिन्यात पुरा घेतला.

पाल्याचं काय होतं ते मात्र मी त्या वर्षी डोळ्यांनी बघितलं. प्रत्येक पान आपल्यापुरती वाटी खणतं. ऊन तिरपं आत आलं की पान तापतं, खाली बसतं, त्याच्या आकाराचा खळगा होतो, मग शेजारचं पान त्यात घसरतं. तासाभरात कमलची परात चाळणीसारखी व्हायची आणि माझी साफ परात तशीच सपाट. रोज तिची आधी संपायची. अश्विनीचं पहिलं गणित, तेच, पाल्यासकटचं, जवळपास बसलं. पूर्ण नाही. ती म्हणाली, पूर्ण बसलं असतं तर मला तुमचाच संशय आला असता.

कागद गेले. तिला जागा मिळाली आणि पुढचा हिवाळा ती डोंगरात होती. तिथून तिनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. उंच झाडं, खाली बर्फ, आणि बर्फावर सुयांसारख्या पानांचा, सालपटांचा, काड्यांचा खच. तिचा आवाज म्हणत होता, मावशी, बगा, हितं कुणी झाडलं न्हाई. माझ्या धाकट्या सुनेनं विचारलं, ही पोरगी तुम्हाला कचरा कामून पाठवायलीय. मी म्हणाले, तुला न्हाई कळायचं. मला ते बघून खराटा घेऊन जावंसं वाटलं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

यंदा तिचं पुस्तक पुरं झालं. डॉक्टर झाली. वडिलांना घेऊन ती माझ्याकडं झरीला आली, जाडजूड काळी वही घेऊन. सगळी इंग्रजीत. मी म्हणाले, माझं नाव हाय का ह्याच्यात? ती म्हणाली, आभारात हाय, आणि एक पान उघडलं. हे आभाराचं नव्हे, मधलं. तिथल्या बारीक अक्षरांतल्या दोन ओळी तिनं मराठीत वाचून दाखवल्या. पहिल्या वर्षीच्या झाडाखालच्या सर्व नोंदी बाद केल्या आहेत, कारण निरीक्षकाने प्रत्येक वजनाआधी बर्फावरील पाला काढला होता.

तिचे वडील म्हणाले, “लिवायचीच गरज व्हती का?” अश्विनी म्हणाली, व्हती.

मी तिला ती ओळ परत वाचायला लावली. माझं काम छापून आलेलं आयुष्यात तेवढंच, आणि ते बाद झालेलं. पण मधला तो शब्द मी दोनदा विचारून घेतला. निरीक्षक म्हणजे कोण? ती म्हणाली, तुमी. इतकी वर्षं हजेरीपटावर माझ्या नावापुढं ‘मजूर’ लिहिलेलं होतं, शेवटच्या दिवसापर्यंत. एकही नोंद चुकली नाही तोवर कुणी ते बदललं नव्हतं.